दाढी, दुभाषी आणि पंचवीस दिवसांचे पीठ

मध्ययुगीन युरोपच्या कागदपत्रांत ‘ताना’ हे नाव दिसले की मराठी वाचकाने जरा थबकावे. आपले ठाणे त्या लोकांच्या लेखी ‘ताना’च होते. १३२१ साली तेथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि पुढे ओदोरिक नावाच्या त्यांच्या पंथबंधूने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे पार चीनपर्यंत नेल्या. पण ताना आणखी एक होते. डॉन नदी अझोव्हच्या समुद्राला मिळते तेथले. जेनोवा आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची वस्ती तेथे होती, आणि जमिनीवरून चीनला जाणाऱ्याची खरी वाट तेथून सुरू होई. हा लेख या दुसऱ्या तान्याविषयी आहे.

फ्लोरेन्सच्या बार्दी पेढीत फ्रान्सिस्को बाल्दुची पेगोलोत्ती नावाचा एक गुमास्ता होता. पेढीच्या कामासाठी तो अँटवर्प, लंडन आणि सायप्रस येथे राहिला. १३४० च्या आसपास त्याने व्यापाऱ्यांसाठी एक हातपुस्तक तयार केले. त्यातला बहुतेक भाग वजने, मापे, जकाती आणि नाणी यांचा आहे. इथला शेर तिथे किती भरतो, या प्रश्नावर अख्खे पुस्तक खर्ची घालणे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी मेट्रिक मापे येण्यापूर्वीचा आपल्याकडचा बाजार आठवावा. पण त्या पुस्तकाची सुरुवातीची काही पाने वेगळी आहेत. चीनला माल घेऊन जायचे तर काय काय तयारी करावी, हे त्यांत सांगितले आहे.

पहिली सूचना दाढीची. दाढी वाढू द्यावी, करू नये. कारण दिलेले नाही. गुळगुळीत गालांचा फिरंगी गवताळ प्रदेशात दुरूनच ओळखू येत असणार, एवढे आपण समजून घ्यावे.

दुसरी सूचना मला फार आवडते. तान्याला चांगला दुभाषी करावा आणि पैसे वाचवण्यासाठी वाईट दुभाषी घेऊ नये, कारण चांगल्याचा जास्तीचा पगार तो जे वाचवून देतो त्यापुढे काहीच नाही. एका तोंडाने मराठी आणि दुसऱ्या तोंडाने कन्नड बोलत सौदा पटवणारे दलाल आम्हा सीमाभागातल्या लोकांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे हे आम्हाला कोणी पटवून द्यायला नको. दुभाष्याखेरीज कुमानी भाषा जाणणारे निदान दोन नोकर हवेत. कुमानी ही त्या गवताळ मुलखातली तुर्की वळणाची बोली. लॅटिन, फारसी आणि कुमानी शब्द शेजारीशेजारी तीन रकान्यांत मांडलेला एक जुना कोश व्हेनिसच्या सान मार्को ग्रंथालयात आजही आहे. ही सूचना कागदावरची नव्हती, याचा तो पुरावा.

तान्याहून एखादी बाई बरोबर न्यायची असेल तर न्यावी, नसेल तर सक्ती नाही. मात्र नेल्यास व्यापाऱ्याची बडदास्त अधिक राहील, आणि तिलाही कुमानी यावी. तिला स्वतःला जायचे आहे का, हा प्रश्न पुस्तकात नाही. ताना हे गुलामांचेही मोठे बाजारपेठ होते, हे लक्षात ठेवून ते वाक्य वाचावे.

मग शिधा. तान्याहून अस्त्राखानपर्यंत बैलगाडीने पंचवीस दिवस लागतात, घोड्याच्या गाडीने दहा-बारा. तेवढ्या दिवसांचे पीठ आणि खारवलेले मासे घ्यावेत. मांस वाटेत हवे तेवढे मिळते. पुढे नदीने एक दिवसात सराय, तेथून आठ दिवसांत सरायचिक. तेथून उंटाच्या गाडीने वीस दिवसांत उर्गेंच, आणखी पस्तीस ते चाळीस दिवसांत ओत्रार. ओत्रारपासून गाढवांवर ओझी लादून पंचेचाळीस दिवस अल्मालिक, सत्तर दिवस पुढचे चिनी शहर, मग घोडा, नदी, आणि शेवटी आजचे बीजिंग. दिवसांची बेरीज केली तर एका बाजूचे नऊ महिने तरी होतात.

खर्चाचा हिशेब चोख आहे. पंचवीस हजार सोन्याच्या फ्लोरिनांचा माल घेऊन निघालेला व्यापारी, त्याचा दुभाषी आणि दोन नोकर यांना जाण्याचा खर्च साठ ते ऐंशी सोम्मो चांदी. एक सोम्मो म्हणजे पाच फ्लोरिन. म्हणजे तीनशे ते चारशे फ्लोरिन, भांडवलाच्या शेकडा दीडच्या घरात! इटलीहून तागाचे कापड न्यावे, ते उर्गेंचला विकून चांदी घ्यावी आणि पुढे चांदीच न्यावी. फार तर अगदी तलम कापडाचे थोडे गठ्ठे ठेवावेत, त्यांना जागा कमी लागते. चीनमध्ये राजा ती चांदी आपल्या खजिन्यात घेतो आणि शिक्का मारलेला पिवळा कागद देतो. त्या कागदावर रेशीम मिळते. आपल्याकडची हुंडी सावकाराच्या पतीवर चाले, हा कागद राजाच्या हुकमावर.

वाट रात्रंदिवस सुरक्षित आहे, असे पेगोलोत्ती सांगतो. तान्याहून सरायपर्यंतचा टप्पा त्यातल्या त्यात बिकट, पण साठ माणसांचा तांडा असला की घरात बसल्यासारखे जावे. हे त्याचे ऐकीव ज्ञान आहे, तो स्वतः त्या वाटेने कधी गेला नाही. तरी मला तो विश्वासार्ह वाटतो, कारण संकटेही तो तितक्याच थंडपणे लिहितो. एक राजा मेला आणि दुसऱ्याची द्वाही फिरली नाही, त्या मधल्या दिवसांत परदेशी माणसांचे काही खरे नसते. आणि व्यापारी जाताना किंवा येताना वाटेत मेला, तर त्याचे सगळे त्या मुलखाच्या धन्याचे होते. सरकारी माणसे येऊन माल ताब्यात घेतात. मात्र मृताचा भाऊ बरोबर असेल, किंवा ‘मी याचा भाऊ’ असे सांगणारा जिवलग सोबती असेल, तर माल त्याच्या हवाली होतो.

सोबती निवडताना हा विचार प्रत्येकाच्या मनात आला असेल. माझे प्रेत वाटेत पडले तर भाऊ म्हणून कोण उभा राहील? आणि उभा राहिला, तर माझा वाटा फ्लोरेन्सला माझ्या बायकोमुलांना पोचवील का?

पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच ती वाट मोडत गेली. १३४३ मध्ये तान्याला झालेल्या खुनाखुनीनंतर खान जानीबेगने इटालियनांना तेथून हाकलले. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने कर्जे बुडवली, आणि त्याचा मोठा फटका बसलेली बार्दी पेढी काही वर्षांतच कोसळली. पाठोपाठ महामारी आली. १३६८ मध्ये चीनमधले मंगोल राज्यही संपले. पेगोलोत्तीचे हस्तलिखित मात्र १४७२ साली कोणी तरी नकलून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. छापले गेले १७६६ मध्ये.

चीनमध्ये यांगचौ येथे १९५१ साली जुना तट पाडताना लॅटिन अक्षरांचा एक थडग्याचा दगड सापडला. दोमेनिको या इटालियनाची मुलगी कातेरिना, मृत्यू १३४२. दगडावर मांडीवर बाळ घेतलेली मेरी आहे, आणि संत कॅथरीनच्या हौतात्म्याची दृश्ये आहेत. कारागीर चिनी असावा, असे त्या आकृत्यांवरून दिसते. तेथेच मिळालेला दुसरा दगड तिच्या भावाचा, अंतोनिओचा. तो १३४४ मध्ये वारला.