हुंकाराला शंभर गायी

कथेचे घटक कोणते असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, संवाद, निवेदक. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगून कथानकाला पहिला मान दिला, तेव्हापासून ही यादी थोडीफार इकडेतिकडे होत आली. पण गोष्ट ऐकताना मधे मधे ‘हूं’ म्हणणारा माणूस त्या यादीत कधी शिरला नाही. माझ्या मते त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि तसं म्हणायला माझ्यापाशी भक्कम जुना आधार आहे.

तो आधार म्हणजे ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेतलं शुनःशेपाचं आख्यान. मूल नसलेला हरिश्चंद्र वरुणाला नवस बोलतो, मुलगा झाल्यावर त्याचा बळी द्यायची टाळाटाळ करतो आणि शेवटी तो मुलगाच स्वतःच्या जागी अजीगर्त ऋषीचा मधला मुलगा, शुनःशेप, शंभर गायींना विकत घेतो. शुनःशेपाला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या खांबाला, बांधायला कुणी धजत नाही, तेव्हा त्याचा बापच आणखी शंभर गायी घेऊन बांधतो. कापायला तयार होतो तेही आणखी शंभर घेऊन. शुनःशेप देवांची स्तुती करत सुटतो. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ती कशी सांगायची याचे नियम त्याच ग्रंथात आहेत, त्यांच्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

राजसूय यज्ञात अभिषेक झालेल्या राजाला होत्याने, म्हणजे ऋचा म्हणणाऱ्या पुरोहिताने, ही गोष्ट सोन्याच्या आसनावर बसून सांगायची. उत्तर देणाऱ्या दुसऱ्या पुरोहिताला, अध्वर्यूलाही, सोन्याचंच आसन. ऋचा आली की त्याने ‘ओम्’ म्हणायचं, गाथा आली की ‘तथा’. ‘ओम्’ देवांचं, ‘तथा’ माणसांचं, असं कारणही दिलं आहे. या उत्तराला शब्द आहे प्रतिगर. पुढे दक्षिणा: सांगणाऱ्याला हजार गायी, प्रतिगर देणाऱ्याला शंभर. गोष्टीतल्या बापाला मुलगा बांधायचे जेवढे मिळाले, तेवढेच गोष्टीला ‘हो’ म्हणणाऱ्याला! हा मेळ योगायोगाचा असेल, पण ऐकणाऱ्याचं मोल गोष्टीतल्याच मापाने मोजलं गेलं, असं मला मनापासून वाटतं.

यावर जाणकारांचा आक्षेप येतो. सोमयागात होता शस्त्र, म्हणजे स्तुतीचा पाठ, म्हणतो तेव्हाही अध्वर्यू ठरावीक प्रतिगर देतोच. तीच रीत इथे आणली, यात लोकांच्या हुंकाराचा संबंध काय? आक्षेप वजनदार आहे. पण मग एकच प्रतिगर पुरला असता. गाथांसाठी मुद्दाम वेगळा, ‘माणसांचा’ प्रतिगर का नेमावा? गाथा म्हणजे लोकांच्या तोंडची पदं. ती यज्ञात आली तेव्हा त्यांना द्यायचा होकारही सोबत घेऊन आली, असं मी धरतो. दुसरा दुवा छांदोग्य उपनिषदात आहे. तिथे ‘ओम्’ हेच मुळी संमतीचं अक्षर म्हटलं आहे, माणूस कशालाही मान्यता देतो तेव्हा ‘ओम्’ म्हणतो म्हणून. म्हणजे देवांचा प्रतिगरसुद्धा आधी माणसाचा साधा ‘हो’च होता. हुंकार अंगणातून यज्ञमंडपात गेला. उलट्या वाटेने आला नाही.

दुसरे प्रतिपक्षी म्हणतात, याला कुळ कशाला शोधायचं? हैतीत सांगणारा ‘क्रिक?’ विचारतो आणि ऐकणारे ‘क्राक!’ म्हणतात, माणूस आहे तिथे हे आहे. मान्य. सवय सगळ्या जगाची आहे. तिला आसन आणि दक्षिणा देणं मात्र सगळीकडे झालेलं नाही.

पुढे महाभारतात ऐकणारे शौनक आणि जनमेजय विचारत राहतात म्हणून कथा पुढे सरकते, हे सर्वांना माहीत आहे. वेताळाच्या गोष्टींनी मात्र हा नियम उलटा करून दाखवला. कथासरित्सागरात या गोष्टी ऐकणारा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, आपल्या पैठणचा राजा आहे. प्रेत खांद्यावर घेऊन निघाला की त्यातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, ही धमकी. बोललं की प्रेत परत झाडावर, आणि नवी गोष्ट सुरू. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला सापडत नाही, तो मुकाट चालत राहतो, आणि तिथे गोष्टी संपतात. ऐकणाऱ्याच्या ‘हूं’वरच गोष्ट जगते, हे याहून नेमकं कुणी मांडलेलं मला माहीत नाही.

पुढचे दुवे मी अंदाजाने जोडतो. राजस्थानात बात, म्हणजे गोष्ट, सांगताना हुंकारा देणारा लागतोच. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात. त्यांचा ‘जी’ नुसता ताल सांभाळत नाही. शाहिराने सांगितलेलं दरबाराने ऐकलं आणि मानलं, असा तो होकार आहे. गोंधळात आख्यान लावताना साथीदार मधेच प्रश्न विचारतो, तोही त्याच घराण्यातला. ब्राह्मणग्रंथापासून झीलकऱ्यापर्यंत अखंड साखळी कागदावर दाखवता येत नाही, पण काम तेच आहे.

छापखाना आला आणि प्रतिगर देणाऱ्याचं आसन रिकामं झालं. हरिभाऊ आपट्यांचा निवेदक मधेच थांबून वाचकाशी बोलतो, ते मला त्या रिकाम्या आसनाकडे पाहून बोलल्यासारखं वाटतं. पुढे द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहिले, आणि छापलेली गोष्ट पुन्हा तोंडी झाली. हशा पिकला की सांगणाऱ्याला थांबावंच लागतं, आणि किती थांबायचं ते समोरची मंडळी ठरवतात.