मधुमेहींचा रोजचा आहार

रक्तातील साखर आटोक्यात राहावी म्हणून जेवणातील पदार्थ, त्यांचे प्रमाण, वेळ आणि क्रम यांत केलेली व्यवस्था. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ती उपचाराचा पाया समजली जाते. पहिल्या प्रकारात इन्शुलिनला पर्याय नाही. तेथे जेवणातील कर्बोदकांचा हिशेब इन्शुलिनच्या मात्रेशी जुळवावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत.

त्यांतले सगळेच सुटलेल्या पोटाचे नसतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयालाही ताटाकडे का पाहावे लागते, ते या एका फोटोतून कळते.

‘मी साखर सोडली’ हे या विषयातले सर्वांत फसवे वाक्य. बिनसाखरेच्या चहाबरोबर बशीभर पोहे आणि दोन खाऱ्या खाल्ल्या, तर पोह्यांतल्या आणि मैद्यातल्या पिष्टाचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. पोळी, बटाट्याची भाजी आणि वर भात हे ताट घरगुती, सात्त्विक वगैरे असले तरी त्यात पिष्टावर पिष्टच चढलेले असते. गुळाच्या चहाचेही तेच. गूळ आणि साखर दोन्हींत मुख्यतः सुक्रोज, आणि कपात पडणाऱ्या चमचाभर गुळातून मिळणारी खनिजे नावापुरती.

भाकरीची कीर्ती अर्धी खरी आहे. ज्वारीच्या पिठात कर्बोदके जवळपास गव्हाच्या पिठाइतकीच असतात, त्यामुळे ‘भाकरी कितीही चालते’ हा समज महागात पडतो. नाचणीचे सत्त्व तर जितके बारीक आणि जितके शिजवून पातळ केलेले, तितके झटपट पचते. भाकरीबरोबर मटकीची उसळ, पिठल्यासारखे डाळीचे काही आणि पालेभाजी असेल, तर साखर सावकाश चढते. निम्म्या ताटात भाज्या, पाव भागात प्रथिने आणि उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात, ही अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची वाटणी मराठी ताटात सहज बसते. त्यासाठी डाव्या बाजूला चमचाभर वाढली जाणारी कोशिंबीर वाटीभर करावी लागते.

क्रमालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयात २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात रुग्णांनी भाज्या आणि कोंबडी आधी खाल्ली, पाव व संत्र्याचा रस १५ मिनिटांनी घेतला. पाव-रस आधी घेतलेल्या दिवसाच्या तुलनेत तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. रुग्ण अवघे ११ होते, हे खरे. पण आपली पंगत बरोबर उलट चालते. पहिला घास वरणभाताचा, मग पोळी, मध्ये मसालेभात आणि शेवटी ताकभात. घरी जेवताना हा क्रम फिरवायला खर्च काहीच नाही.

मराठी मधुमेह्याची खरी परीक्षा उपवासाला होते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण इथे वैद्यकीय निदानासारखी लागू पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट; १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने थोडी लाज राखली जाते, पण सोबत बटाटा, वर रताळ्याच्या गोड फोडी आणि रात्री केळी असतातच. त्यामानाने थोडी भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर हा फराळ बरा.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली पद्धत वेगळी आहे : दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे. येताजाता तोंडात टाकला जाणारा चिवडा आणि बिस्किटे त्यामुळे बंद होतात, हे तिचे बलस्थान. मात्र इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवणे कमी केली आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी कामाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.