बेलसरचे एक्केचाळीस नमुने

जुलै २०२१च्या सुरुवातीला पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. पाच जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे गेले. तिघांना चिकनगुनिया निघाला. तापाला नाव मिळाले होते. प्रकरण तिथेच मिटू शकले असते. पण २७ ते २९ जुलैला संस्थेचे पथक बेलसर आणि परिंचे या गावांत जाऊन ४१ नमुने घेऊन आले. आरोग्य विभागाने जाहीर केलेले निष्कर्ष असे: चिकनगुनिया २५, डेंगी ३, झिका १. राज्यातला हा झिकाचा पहिला रुग्ण.

या नोंदीतला सर्वांत मोलाचा तपशील सहज नजरेतून सुटतो. झिका निघालेल्या महिलेला चिकनगुनियाही होता. पहिले उत्तर हाती आल्यावर तपासणी थांबली असती, तर तिचा झिका कोणत्याही कागदावर आला नसता. ३० जुलैला अहवाल आला आणि ३१ला राज्याचे पथक बेलसरमध्ये होते.

मग झिका २०२१मध्येच आला का? एनआयव्हीची स्थापना १९५२ची, तेव्हाचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर. तिथल्याच स्मिथबर्न, केर आणि गटणे यांचा १९५४चा शोधनिबंध सांगतो की, भारतातल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिकाला रोखणारी प्रतिपिंडे आढळली. त्या काळची पद्धत अशी: माणसाचे रक्तजल विषाणूत मिसळायचे, ते मिश्रण उंदरांना टोचायचे आणि किती उंदीर जगतात ते मोजायचे. उंदीर वाचले, तर त्या माणसाच्या रक्तात प्रतिकार आहे असे धरायचे. मात्र झिका आणि डेंगी एकाच कुळातले, त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही अडवू शकतात. म्हणून त्या ३३ जणांवरून झिका तेव्हा इथे होताच, असे मी म्हणणार नाही. बेलसरचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे: तिथे प्रतिपिंडे नव्हे, विषाणूचाच अंश सापडला.

मे ते ऑक्टोबर २०२१मधले देशभरातले १४७५ नमुने एनआयव्हीने तिन्ही विषाणूंसाठी आरटी-पीसीआरने तपासले. या चाचणीत विषाणूचाच जनुकीय अंश सापडतो. डेंगी १२१ जणांना, चिकनगुनिया १० जणांना, झिका ६७ जणांना. २०२२मध्ये छापलेल्या या अभ्यासात झिका सापडलेल्या ठिकाणांमध्ये दिल्लीचेही नाव आहे.