नॉर्वेतील सार्वमते आणि मतदारांचे मतांतर

सार्वमताचा निकाल जाहीर झाला की वाद मिटला, असे राज्यशास्त्राच्या परिभाषेत म्हणता येईल. इतिहासाच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही. ज्या प्रश्नावर राष्ट्र जवळजवळ निम्मे-निम्मे दुभंगले, त्या प्रश्नावर कौल देऊन घरी परतलेला मतदार आपल्या मतावर कायम राहतो की कालांतराने ते बदलतो, हा प्रश्न निकालानंतरच उद्भवतो. त्याचे महत्त्व केवळ जिज्ञासेपुरते नाही. पराभूत पक्ष 'लोकमत आता बदलले आहे' असे म्हणून पुन्हा कौल मागतो; विजयी पक्ष 'लोकांनी एकदा सांगितले आहे' असे म्हणून ती मागणी फेटाळतो. दोन्ही भूमिका मतांतराविषयीच्या एकेका गृहीतावर उभ्या असतात आणि ही गृहीते तपासून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

अशा तपासणीसाठी नॉर्वेचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. १८१४ च्या नॉर्वेजियन राज्यघटनेत सार्वमताचा उल्लेख नाही. त्यामुळे तेथील सार्वमत तत्त्वतः सल्ल्याच्या स्वरूपाचेच असते. तरीही १९०५ पासून तेथे सहा वेळा राष्ट्रीय सार्वमत घेण्यात आले. १९०५ मधील दोन सार्वमते स्वीडनशी असलेले संयुक्त राज्य मोडणे व नवा राजा निवडणे यांविषयी होती आणि त्यांचे निकाल निःसंदिग्ध होते. उरलेल्या चार सार्वमतांच्या दोन जोड्या पडतात. दारूबंदीचा प्रश्न १९१९ मध्ये व पुन्हा १९२६ मध्ये विचारला गेला. युरोपीय समुदायात सामील होण्याचा प्रश्न १९७२ मध्ये व पुन्हा १९९४ मध्ये विचारला गेला. पहिल्या जोडीत निकाल सात वर्षांत उलटला. दुसरीत तो बावीस वर्षांनंतरही टिकला. देश एक, घटना एक. मात्र फलित परस्परविरुद्ध. या विरोधाचा उलगडा करणे हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. दारूबंदी : १९१९ ते १९२६

पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याच्या टंचाईमुळे घातलेले निर्बंध कायम करावेत काय, या प्रश्नावर ऑक्टोबर १९१९ मध्ये मतदान झाले. कडक मद्य व अधिक मद्यांशाच्या द्राक्षासवांवरील बंदीच्या बाजूने ६१.६ टक्के मते पडली. मद्यपाननिषेधाची चळवळ, धर्मनिष्ठ सामान्यजनांच्या मंडळ्या आणि ग्रामीण भाषेचा पुरस्कार करणारा वर्ग यांचे दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर दृढ वर्चस्व होते; बंदीचे बळ मुख्यतः तेथे होते.

परंतु बंदी अमलात येताच तिच्या परिणामांचा अनुभव प्रत्येक घरापर्यंत पोहोचला. किनाऱ्यावरून चोरटी आयात सुरू झाली, घरोघरी दारू गाळली जाऊ लागली, आणि औषध म्हणून मद्य लिहून देण्याची डॉक्टरांची मुभा हा एक उघड व्यापार होऊन बसला. याहून मोठा आघात परराष्ट्रीय व्यापारावर झाला. फ्रान्स, स्पेन व पोर्तुगाल हे द्राक्षासवांचे उत्पादक देश नॉर्वेच्या खारवलेल्या, वाळवलेल्या माशांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक होते. आमचे आसव घेणार नसाल तर तुमचे मासेही आम्हाला नकोत, अशी त्यांची भूमिका होती. या दडपणाखाली द्राक्षासवांवरील बंदी १९२३ मध्ये उठवावी लागली. ऑक्टोबर १९२६ च्या सार्वमतात ५५.७ टक्के मतदारांनी उरलेली बंदीही रद्द करण्याचा कौल दिला आणि १९२७ मध्ये ती संपुष्टात आली.

सात वर्षांच्या अवधीत मतदारवर्गाची रचना फारशी बदलत नाही. दोन्ही वेळी सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी मतदान केले होते. तेव्हा बंदीच्या बाजूच्या मतांत झालेली सुमारे सतरा टक्क्यांची घट केवळ नवे मतदार आले वा जुने गैरहजर राहिले, एवढ्याने समजावून देता येत नाही. १९१९ मध्ये बंदीला मत देणाऱ्या अनेकांनी १९२६ मध्ये तिच्याविरुद्ध मत दिले, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरतो. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर १९२६ मध्येही बहुमत बंदीच्याच बाजूने राहिले. जेथे बंदी हा केवळ कायदा नसून जीवनपद्धतीचा भाग होता, तेथे चोरट्या आयातीचा अनुभवही बहुमत पालटू शकला नाही.

२. युरोपीय समुदाय : १९७२ ते १९९४

सप्टेंबर १९७२ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश करावा की नाही, यावर नॉर्वेच्या मतदारांनी ५३.५ टक्के मतांनी नकार दिला. मजूर पक्षाचे पंतप्रधान ट्रिग्वे ब्रात्तेली यांनी प्रवेशाच्या प्रश्नाशी आपल्या सरकारचे भवितव्य जोडले होते; निकालानंतर त्यांनी राजीनामा दिला. उदारमतवादी पक्ष याच प्रश्नावर दुभंगला. कुटुंबांत व कामगार संघटनांत पडलेली फूट इतकी तीव्र होती की, पुढे बराच काळ प्रमुख पक्षांनी हा विषय जाणूनबुजून टाळला.

नोव्हेंबर १९९४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा मांडण्यात आला. या वेळी परिस्थिती होकाराला पुष्कळच अनुकूल भासत होती. शीतयुद्ध संपले होते. ग्रू हार्लेम ब्रुंटलँड यांच्यासारख्या समर्थ पंतप्रधान प्रवेशाच्या बाजूने होत्या. ऑक्टोबरमध्ये फिनलंडने व नोव्हेंबरच्या मध्यास स्वीडनने होकार दिला होता, आणि त्यांच्या पाठोपाठ नॉर्वेही येईल या अपेक्षेने नॉर्वेचे मतदान शेवटी ठेवण्यात आले होते. ८८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. निकाल असा लागला : नकार ५२.२ टक्के, होकार ४७.८ टक्के. बावीस वर्षांत दोन्ही पक्षांतील अंतर जेमतेम अडीच टक्क्यांनी घटले होते.

भौगोलिक वाटणी तर याहूनही स्थिर होती. राजधानी ऑस्लोने दोन्ही वेळा सुमारे दोन-तृतीयांश मतांनी होकार दिला. उत्तरेकडील नूरलान, ट्रुम्स व फिनमार्क या तीन जिल्ह्यांनी दोन्ही वेळा सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक मतांनी नकार दिला. स्टाइन रोक्कान व हेनरी वालेन या नॉर्वेजियन अभ्यासकांनी केंद्र आणि परिघ यांच्यातील जो जुना विरोध आपल्या राजकीय भूगोलात दाखवून दिला होता, तोच दोन्ही निकालांत उमटलेला दिसतो. मासेमारीच्या हक्काचे पाणी, सरकारी साहाय्यावर तगून असलेली लहान शेती आणि दूरच्या राजधानीविषयीचा अविश्वास ही नकाराची कारणे होत. त्यांतच 'युनियन' या शब्दाचे ऐतिहासिक ओझे होते. १८१४ पर्यंत डेन्मार्कशी व १९०५ पर्यंत स्वीडनशी बांधलेल्या या राष्ट्राला तो शब्द पारतंत्र्याची आठवण करून देई. आणि १९९३ पासून युरोपीय समुदायाने 'युरोपीय युनियन' हेच नाव धारण केले होते.

३. स्थैर्याच्या आतील हालचाल

या आकड्यांवरून 'नॉर्वेच्या मतदाराने मत बदलले नाही' असे विधान केले जाते. ते सैलपणे केलेले आहे. १९७२ मध्ये मतदानाचे किमान वय वीस होते; १९९४ मध्ये बेचाळिशीच्या आत असलेल्या कोणाही नागरिकाने पहिल्या सार्वमतात भाग घेतलेला नव्हता. उलट, १९७२ मधील वृद्ध मतदार मधल्या काळात निवर्तले होते. म्हणजे मतदारवर्गाचा फार मोठा भाग नवा होता, आणि तरीही निकाल जुनाच आला. येथे टिकून राहिले ते व्यक्तीचे मत नव्हे. टिकून राहिली ती प्रदेशाची, व्यवसायाची व परंपरेची भूमिका, आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

शिवाय स्थिर बेरजेखाली मतांची देवघेव झालेली असू शकते. १९९४ मध्ये स्त्रियांचा कल पुरुषांपेक्षा स्पष्टपणे नकाराकडे होता. १९७२ मध्ये हा भेद इतका ठळक नव्हता. मधल्या दोन दशकांत फार मोठ्या संख्येने स्त्रिया शाळा, रुग्णालये व स्थानिक प्रशासन यांत नोकरीस लागल्या होत्या, आणि कल्याणकारी राज्याला युरोपीय बाजारपेठेमुळे धक्का बसेल ही भीती त्यांना जवळची होती. एका बाजूने काही मते गेली, दुसऱ्या बाजूने तेवढीच आली. बेरीज पाहणाऱ्याला जेथे निश्चलता दिसते, तेथे प्रत्यक्षात ये-जा चाललेली असते.

४. निवडणुकांचा पुरावा का चालत नाही

मतांतराचा पुरावा म्हणून सार्वमतानंतरच्या निवडणुकांकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. नॉर्वेचे उदाहरण या प्रथेविरुद्ध जाते. मजूर पक्षाला १९६९ मध्ये ४६.५ टक्के मते होती. १९७३ मध्ये ती ३५.३ टक्क्यांवर घसरली आणि १९७७ मध्ये पुन्हा ४२.३ टक्क्यांवर चढली. प्रवेशविरोधाचा ध्वज घेतलेल्या सेंटर पक्षाने १९९३ मध्ये १६.७ टक्के मते मिळवली. १९९७ मध्ये त्यांतील निम्म्याहून अधिक गमावली. पक्षांची अशी भरती-ओहोटी होत असताना युरोपविषयक मत मात्र जागच्या जागी होते. सार्वमताचा प्रश्न ऐरणीवर असेपर्यंत मतदार त्यानुसार पक्ष निवडतो. प्रश्न मिटला की आपल्या नेहमीच्या पक्षाकडे परततो.

मराठी वाचकाला याचा पडताळा गोव्याच्या इतिहासातही मिळतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी नकार दिला. तथापि त्याच वर्षीच्या मार्चमधील विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन महिन्यांत लोकमत उलटले, असा याचा अर्थ कोणी लावत नाही. एका दिवशी एकच प्रश्न विचारला होता; दुसऱ्या दिवशी अनेक प्रश्न, अनेक उमेदवार आणि मतविभागणी यांचा तो संमिश्र हिशेब होता.

५. अनुभव आणि मतांतर

आता मूळ विरोधाकडे वळता येईल. १९१९ चा निर्णय बदल घडवून आणणारा होता. तो अमलात आला, त्याची किंमत दिसली आणि ती ज्यांनी मोजली त्यांपैकी अनेकांनी आपले मत फिरवले. १९७२ चा निर्णय आहे ते चालू ठेवण्याचा होता. प्रवेश झाला असता तर काय झाले असते, हे कोणालाच अनुभवता आले नाही. उलट, १९७१ पासून उत्तर समुद्रातील खनिज तेल निघू लागले होते, १९७३ मध्ये युरोपीय समुदायाशी व्यापारी करार झाला आणि १ जानेवारी १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे बाजारपेठ खुली झाली. नकार देणाऱ्याला पश्चात्तापाचे कारणच मिळाले नाही. ज्या निर्णयाची किंमत मोजावी लागत नाही, त्याविषयी मत बदलण्याची निकड सहसा भासत नाही.

ब्रिटनचा अनुभव या विवेचनाशी जुळतो, पण तो काही सावधगिरीही शिकवतो. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांनी ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. पुढील काही वर्षे, निर्णय कागदावरच असताना, दोन्ही बाजूंचे बहुसंख्य मतदार आपल्या मताला चिकटून राहिले. ३१ जानेवारी २०२० रोजी देश बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर संक्रमणकाळ संपला. त्यानंतरच्या मतचाचण्यांत हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणाऱ्यांचे बहुमत दिसू लागले. परंतु बाहेर पडण्यास मत दिलेल्यांपैकी स्पष्टपणे चूक मान्य करणारे या चाचण्यांत सुमारे पाचांत एक एवढेच आढळतात. उरलेला पालट मुख्यतः २०१६ मध्ये मतदान न केलेल्या आणि तेव्हा वयात न आलेल्या नागरिकांमुळे आहे. येथेही 'मतदारांनी मत बदलले' यापेक्षा 'काही मतदारांनी मत बदलले आणि बरेच मतदार बदलले' असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

सारांश, दुभंगलेल्या राष्ट्रात मतांतर घडते, पण ते विशिष्ट अटींवर घडते. निर्णयाचे परिणाम दैनंदिन जीवनात जाणवावे लागतात. आणि ते मत मतदाराच्या स्वत्वाचा भाग बनलेले असेल, तर असा अनुभवही बहुधा अपुरा ठरतो. म्हणून पुन्हा कौल मागणाऱ्याने केवळ काळ लोटला एवढ्यावर विसंबू नये. नॉर्वेत बावीस वर्षे लोटली आणि निकाल तोच राहिला. तसेच पहिला कौल अखेरचा मानणाऱ्यानेही १९२६ विसरू नये. नॉर्वेत अवघी सात वर्षे पुरली. १९२६ मध्ये प्रश्न पुन्हा विचारला नसता, तर एका पिढीने अनुभवांती नाकारलेला कायदा तिच्याच जुन्या कौलाच्या नावाने तिच्यावर लादलेला राहिला असता.