मायलेकरांची ताटातूट

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग इथल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असतात. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार हा घाटावरचा मुलूख. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. माझी आजी घाटावरची, चिखलीच्या बाजूची. तिच्या बोलण्यात घाटाखाली म्हणजे रेल्वे, कापसाच्या जिनिंगा, बाजारातला पैसा. आणि खामगावचं मडमांचं घर.

त्या घराची गोष्ट आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेली. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. कापसानं वऱ्हाड श्रीमंत झालं असं पुस्तकं सांगतात, आणि ते खरंच आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आला होता, एवढा त्या बाजाराचा दबदबा. पण ज्वारीच्या रानात कापूस गेला की दाणा विकत घ्यावा लागतो, आणि पाऊस गेला की कापूसही नाही, मजुरीही नाही. आजीची सासू सांगायची, "माय लेकराला वाटेवर बशी आन पानी आनते म्हनून जाई. परत येतच नसे." सांगताना ती त्या आयांना कधी दोष द्यायची नाही. एवढंच म्हणायची, "कोनी उचलंल या आशेनंच बशवत."

उचलणारे तेव्हा फार थोडे होते. अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशननं अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथगृह चालवलं. तेच मडमांचं घर. त्याआधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुली सोबत घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. आमच्या गावात मात्र मडमांच्या घराची भीती होती. लेकरू तिकडं गेलं की जातीतून गेलं, धर्मातून गेलं. आजीच्या सासूच्या नात्यातली एक पोर तिकडं गेली होती म्हणतात, आणि बऱ्याच वर्षांनी लुगडं नेसून, हातात पुस्तक घेऊन गावात येऊन गेली. घरातल्या बायकांनी तिला ओटीवर बसवून चहा दिला; कपबशी मात्र वेगळी ठेवली. हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. "जगली तरी," ती म्हणायची. दुष्काळात ज्यांनी उचललं नाही, त्यांना कपबशी वेगळी ठेवायचा हक्क कुठून आला, हा प्रश्न मला आजही पडतो.

हे सगळं आजीच्या मनात इतकं मुरलं होतं म्हणूनच, मला वाटतं, तिच्यावर वेळ आली तेव्हा तिनं नातू हातचा जाऊ दिला नाही.

माझी थोरली आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पन्नासच्या दशकातली गोष्ट, माझ्या जन्माच्या आधीची. मुलगा झाला. बारशाच्या आतच आत्याची झोप उडाली. रात्रभर बोलायची, लेकराला ओळखेना, हे माझं नाहीच म्हणायची. एकदा त्याला सुपात घालून विहिरीकडं निघाली, तेव्हा आजोबांनी धावत जाऊन अडवलं. सुईण म्हणाली बाहेरचं लागलं. सासरची मंडळी आली आणि तिला सैलानीला घेऊन गेली. लेकरू आजीपाशी राहिलं. शेजारच्या लेकुरवाळ्या बाईनं त्याला स्वतःच्या मुलाबरोबर अंगावर पाजलं.

सैलानीबाबांचा दर्गा आमच्या भागात सगळ्यांचा. पिंपळगाव सराईजवळ, चिखली आणि बुलढाण्यापासून जवळच. होळीला तिथं यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, महाराष्ट्राबाहेरूनही माणसं येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात, आणि मन बिघडलेल्या माणसाला घेऊन येणाऱ्यांची तर रांगच असते. मी त्या जागेला नावं ठेवणार नाही. त्या काळात दुसरी वाट कोणती होती? वेड्यांचं इस्पितळ नागपूरला, १८६४ पासूनचं, तीनशे किलोमीटरहून दूर, आणि तिथं गेलेलं माणूस परत येत नाही असा समज. मन शांत करणारं पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, फ्रान्समध्ये नुकतं १९५२ मध्ये वापरात आलेलं. ते चिखलीला कुठून येणार? दर्ग्यापाशी निदान कुणी हसत नव्हतं. पण पायात साखळी होती. आत्याच्या घोट्यावरचा वण मी पाहिलेला आहे.

दीडेक वर्षानं ती बरी होऊन आली. घरच्यांनी बाबांची कृपा म्हटलं. आज डॉक्टर सांगतात की बाळंतपणानंतरचा हा तीव्र आजार हजारात एक-दोन बायकांना होतो, अचानक उफाळतो आणि औषधानं बहुतेकींना उतार पडतो. वेळीच उपचार मिळाले तर काही आठवड्यांत आई लेकराला पुन्हा छातीशी धरू शकते. आत्याला ते आठवडे मिळाले नाहीत. ती आली तेव्हा पोरगं चालत होतं आणि आजीला माय म्हणत होतं. घरात माझे वडील आणि काका थोरल्या बहिणीला अक्का म्हणायचे, तेच ऐकून तोही अक्का म्हणायला लागला. आत्या वारली तोवर तिच्या पोटच्या मुलासाठी ती अक्काच होती.

म्हणून मला वाटतं, पोरकं लेकरू आणि मन हरवलेलं माणूस या दोन वेगळ्या कामांच्या फायली नव्हेत. आपण त्या वेगळ्या ठेवल्या. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो; आया खडी फोडायला जायच्या, आम्हाला सुकडी मिळायची, आणि ती मिळाली म्हणून आम्ही जगलो. पण त्या आयांच्या मनाचं काय चाललंय हे विचारायला कुणी आलं नाही. पुढं शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यांत बुलढाणा होता. व्याज, सिंचन, बियाणं यांची चर्चा झाली. बाप गेलेल्या घरातलं पोरगं रात्री दचकून उठतं, शाळेत बोलेनासं झालंय, याची चर्चा ओट्यावरसुद्धा झाली नाही. बालसंगोपन योजनेतून अशा लेकराला नातेवाइकांकडं वाढवायला दरमहा मदत मिळते, आणि ती योजना मला मोलाची वाटते, कारण ती आजीसारख्या बायांना बळ देते. तरी पैशाबरोबर त्या लेकराशी बोलणारं माणूसही घरी यायला हवं.

मन हरवलेल्यांना उचलणारी माणसं आता आमच्याच तालुक्यात आहेत. चिखलीजवळ पळसखेड सपकाळ इथं नंदकुमार आणि आरती पालवे या जोडप्यानं सेवासंकल्प प्रतिष्ठान उभं केलं. रस्त्यावर, फाट्यावर, एसटी स्टँडवर फिरणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना ते घेऊन येतात. जटा कापतात, आंघोळ घालतात, जखमा धुतात, औषध सुरू करतात, आणि माणूस बोलायला लागलं की त्याच्या तोंडून गावाचं नाव निघायची वाट पाहतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा फाउंडेशन हेच काम करते. २०१८ च्या मॅगसेसे पुरस्कारानं ते जगाला कळलं. पळसखेडला ते शेतीवाडीच्या मुलखात, वऱ्हाडी बोलीत चालतं. वाटेवर बसवलेल्याला कुणी उचलेल ही छप्पनच्या सालातली आशा अशा जागी पुरी होते, आणि इथं कपबशी वेगळी ठेवत नाहीत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना स्वतःचं आडनाव दिलं; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं एकच मागणं आहे : अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलाला बालगृहातून बाहेर काढू नका, त्याच्या हयातभराच्या निवाऱ्याचा कायदा करा. मला ते मागणं पूर्ण पटतं. जे मूल अठराव्या वर्षी आपल्या हातानं घास घेऊ शकत नाही, त्याला वाढदिवस काय बदलून देणार?

कायदे आपल्याकडं वाईट नाहीत. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळाले, तेव्हा देश हादरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातली. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये एक तरतूद आहे, जी मी पुन्हा पुन्हा वाचतो : उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तोडू नये. आईपासून मुलाला धोका असेल तर काही काळ वेगळं ठेवायचं, पण देखरेखीखाली भेट चालू ठेवायची.

आत्याचा तो मुलगा, माझा आतेभाऊ, आता सत्तरी ओलांडून गेलाय. त्याला मी ते कलम वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "कायदा लय चांगला केला. पन आपल्याकडं असा दवाखाना कुठाय, जिथं मायची खाट आन लेकराचा पाळना संगं आसंल?"

महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. आमच्यासाठी वाट अजून नागपूरचीच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आहेत, १४४१६ वर टेलिमानसला फोन लावता येतो, संकटातल्या लेकरासाठी १०९८ आहे.  आता बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, बाळंतिणींच्या कक्षाला लागून, अशा आयांसाठी दोन खाटा हव्यात आणि त्यांच्याशेजारी दोन पाळणे. आतेभावानं तसा अर्ज लिहायला घेतलाय, खाली पहिली सही त्याचीच आहे.