डफरीन, लेडी हार्डिंग आणि ‘शुश्रूषा’ या शब्दाचा अर्थ

वऱ्हाडातील दोन शहरांच्या रोजच्या बोलण्यात दोन व्हाइसरॉयपत्नींची नावे अद्याप नांदत आहेत. अमरावतीत बाळंतिणीला ‘डफरीनले’ नेतात, अकोल्यात ‘लेडी हार्डिंगले’. दोन्ही रुग्णालयांचे सरकारी नाव जिल्हा स्त्री रुग्णालय असे असले तरी लोकांच्या जिभेवर जुनी नावेच रुळली आहेत. ही नावे उच्चारताना त्यांमागचा प्रश्न मात्र आपण विसरलो आहोत. आजारी स्त्रीच्या शरीराला तपासणीसाठी हात कोणी लावायचा, हा तो प्रश्न.

लॉर्ड डफरीन 1884 ते 1888 या काळात व्हाइसरॉय होते. त्यांच्या पत्नीने 1885 मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभारला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करणे हा त्याचा हेतू होता. साम्राज्याच्या औदार्याचे प्रदर्शन त्यात होतेच. परंतु ज्या अडचणीवर तो उपाय होता, ती अडचण खरी होती. पुरुष डॉक्टर घरी आला तरी रुग्ण स्त्री पडद्याआड असे आणि तिची लक्षणे नवरा किंवा सासू सांगे. पाहणे नाही, स्पर्श नाही, थेट विचारणेही नाही. मग रोगाचे निदान कशाच्या आधारे व्हावे? आनंदीबाई जोशी यांचा मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. पुढे 1883 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता, हे आम्हांला या संदर्भात फार बोलके वाटते.

ही अडचण केवळ आपल्याच समाजाची होती असे मानण्याचे कारण नाही. पॅरिसमध्ये 1816 साली लेनेक या डॉक्टरला एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे अवघड वाटले. त्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. त्या संकोचातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. युरोपने संकोचावर उपकरण शोधले. आपल्याकडे उपकरणाच्या जोडीला एक माणूसही हवे होते, ते म्हणजे प्रशिक्षित स्त्री.

ही स्त्री आली खरी, परंतु भाषेने तिला कोणते स्थान दिले? परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, आरोग्यसेविका ही सारी पदनामे सेवेची आहेत. तपासणीचा, म्हणजे ज्ञानाचा निर्देश त्यांपैकी एकातही नाही. डॉक्टर तपासतो आणि नर्स सेवा करते, अशी वाटणी मराठीने गृहीत धरली आहे.

शब्दांची मुळे मात्र वेगळेच सांगतात. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे विकसित झाला. ‘परिचारिका’ म्हणजे भोवती वावरणारी आणि ‘परीक्षा’ म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. उपसर्ग एकच आहे. जी रात्रंदिवस रुग्णाभोवती वावरते, तिलाच तो सर्व बाजूंनी दिसतो. चरकानेही चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आहे आणि त्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान आधी सांगून दक्षता, रुग्णाविषयीचा स्नेह व शुचिता नंतर सांगितली आहे. ज्ञानाला मिळालेले ते पहिले स्थान आपल्या आजच्या शब्दांतून निसटले.

हे ज्ञान दिसते कसे, ते पाहू. नर्स गर्भवतीची खालची पापणी ओढून आतली लाली पाहते. ती फिकट असेल तर रक्त कमी असल्याचा संशय येतो. घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहिला तर सूज आहे हे कळते, आणि मग रक्तदाब मोजणे निकडीचे ठरते. पोटावर दोन्ही तळवे ठेवून ती बाळाचे डोके कोठे आणि पाठ कोणत्या बाजूला, हे ओळखते. यात डोळा आहे, बोट आहे आणि त्यांनी टिपलेल्या खुणांचा अर्थ लावणारी बुद्धीही आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही संहितावाचनाची रीत अपरिचित वाटू नये.

शहरातील रुग्णालयापासून दूर, जिथे डॉक्टर सहजी पोहोचत नाही, तिथे या वाचनावर जीव अवलंबून असतो. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील दोन तालुके 1990 च्या दशकात बालमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. तिथे आजही मुलाच्या दंडाभोवती फीत गुंडाळली जाते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर ते कुपोषण तीव्र समजतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटभर मोजतात. ते 60 किंवा अधिक भरले तर धोका असतो. आणि हे सारे कोरकू बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेत विचारून, तिचे ऐकून करावे लागते. शुश्रूषेचा मूळ अर्थ इथे अक्षरशः खरा होतो.

हे सामान्य स्त्रीला शिकवता येते, याचा पुरावा विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची तपासणी शिकवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे 2011 पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींत ही पद्धत आली.

तेव्हा नर्सच्या कामाला केवळ त्याग, ममता, वात्सल्य या शब्दांनी गौरवणे आम्हांला अपुरे वाटते. ममतेचा गौरव केला की ज्ञानाची दखल घेण्याची गरज उरत नाही, आणि ज्याची दखल नाही त्या ज्ञानाने दिलेला इशाराही दुर्लक्षिला जाऊ शकतो. ‘सिस्टर म्हणतात, बाळाचा श्वास ठीक वाटत नाही’ हे वाक्य काळजीचे उद्गार म्हणून ऐकले जाते की निदानाचा पहिला टप्पा म्हणून, यावर एखाद्या रात्री पुष्कळ काही ठरते. भाषेच्या शिक्षकांनी निदान एवढे करावे, की ‘शुश्रूषा’ हा शब्द वर्गात समजावताना त्यातले ऐकणे गाळू नये.