चोचीचा इतिहास

कफ परेडच्या मच्छीमार नगरात ओहोटीच्या वेळी थोडे थांबून पाहावे. बोंबिलासाठी डोल जाळे, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात भिरकावण्यासाठी पाग. मासळी पाहून कोळी जाळे बदलतो. शेजारी चिखलात उभ्या असलेल्या बगळ्याला ती मुभा नाही. जी चोच घेऊन तो अंड्यातून निघाला, तिच्यावरच त्याला जन्म काढावयाचा आहे. मग पक्ष्यांच्या चोची इतक्या नाना तऱ्हांच्या झाल्या कशा? ‘गरज पडली म्हणून वाढली’ हे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. ते चूक आहे.

१८३५ साली डार्विन पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर उतरला. तेथील चिमणीएवढे फिंच पक्षी त्याने मारून आणले. पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे लिहून ठेवायचे बहुतेक राहूनच गेले! आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पक्ष्याच्या पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधलेली असते, तिचे मोल अशा वेळी कळते. १८३७ साली लंडनमध्ये जॉन गूल्डने सांगितले की, जाड, बारीक, टोकदार चोचींचे हे पक्षी वस्तुतः एकाच कुळातले आहेत. डार्विनला मग बोटीवरच्या सोबत्यांचे नमुने मागून बेटांचा मेळ घालावा लागला.

तरीही हा सारा तर्कच होता. बदल घडताना पाहिला तो पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने. १९७३ पासून डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर ते पक्षी धरीत, चोच मोजीत, पायात कडे घालून सोडून देत. १९७७ साली पाऊस दडी मारून बसला. बारीक बी संपले. उरले ते आपल्या गोखरूच्या जातीचे टणक, काटेरी बी. मध्यम आकाराच्या फिंचांतले शंभरातले सुमारे ८५ मेले. उरलेल्यांची चोच सरासरीने अर्धा मिलिमीटर जाड भरली. एकाही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. बारीक चोचीचे अधिक मेले होते, एवढेच. पुढे पिलेही आईबापांसारखीच जाड चोचीची निघाली.

आईबापांकडून पिलांकडे जाते ते काय? २००४ साली हार्वर्डमधील अबझानोव्ह आणि टॅबिन यांनी अंड्यातल्या गर्भांची तपासणी केली. जाड चोचीच्या जातीत बीएमपी-४ हे जनुक चोचीच्या कोंबात लवकर आणि जोराने काम करते. कोंबडीच्या गर्भात त्याचा जोर मुद्दाम वाढविला, तर तिचीही चोच जाड झाली. २०१५ साली स्वीडनमधील उप्साला येथे लाइफ अँडरसन यांच्या मंडळींनी १२० पक्ष्यांची सबंध आनुवंशिक लिपी वाचली. बोथट आणि टोकदार चोचींतला भेद एएलएक्स-१ या जनुकाशी निगडित निघाला. हेच जनुक माणसात बिघडले, तर मूल चेहऱ्याचे व्यंग घेऊन जन्मते.

चोचीच्या लहानमोठेपणाशी निगडित असलेले एचएमजीए-२ हे जनुक २०१६ साली उजेडात आले, आणि त्याने एक जुना दुष्काळ पुन्हा उलगडून दाखविला. १९८२ पासून डॅफ्नीवर मोठे फिंच वसतीला आले होते. २००४-०५ च्या अवर्षणात गोखरू त्यांनीच फस्त केला. या खेपेस मध्यम फिंचांतले मोठ्या चोचीचे उपाशी मेले. जपून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांत त्याची नोंद सापडली: वाचलेल्यांत या जनुकाचा लहान चोचीचा प्रकार जास्त होता, मेलेल्यांत मोठ्या चोचीचा.